‘गुलाबी साडी’ आणि झाडीपट्टीतली एक रात्र

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात आमच्या गावच्या मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेनिमित्त, जे नाटक झाले, त्यात ‘गुलाबी साडी’ हे गाणे एकाच रात्री तीनदा वाजले. पहिल्यांदा ते पेन ड्राइव्हवरून वाजले आणि लोकांनी टाळ्या-शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. दुसऱ्यांदा तेच ‘वन्स मोअर’ म्हणून वाजले आणि अर्धे लोक चहाच्या टपरीकडे निघाले. तिसऱ्यांदा ते ऑर्गन-तबल्यावर, एका विनोदी नटाच्या तावडीत सापडून, जवळजवळ वीस मिनिटे चालले आणि मंडपातले एकही माणूस जागचे हलले नाही. गाणे तेच, प्रेक्षक तेच आणि रात्रही तीच असताना हा फरक कशाने पडला, हा या लेखाचा विषय आहे.

गाव पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, ब्रह्मपुरी आणि वडसा यांच्या मधल्या धानपट्ट्यातले आहे. नाव सांगण्याची गरज नाही, कारण त्या हंगामात अशी कितीतरी गावे होती. मी तिथलाच. तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि नाटकाचे यजमानपद घेणाऱ्या मंडळाचा जुना सभासद आहे. त्या रात्री पहिल्या वेळी मी तिकिटांच्या टेबलावर होतो, दुसऱ्या वेळी विंगेत होतो आणि तिसऱ्या वेळी बायांच्या बाजूला, आईसाठी आणलेली घोंगडी द्यायला गेलो तो तिथेच बसून राहिलो होतो. तिन्ही वेळा जागा वेगळी असल्यामुळे निरीक्षणात थोडा पक्षपात शिरला असेल, हे आधीच सांगितलेले बरे.

गाणे गावात कसे शिरले

‘गुलाबी साडी’ फेब्रुवारी २०२४ मध्ये यूट्यूबवर आले. शब्द, चाल आणि आवाज संजू राठोडचा, संगीत जी-स्पार्कचे. राठोड जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा समाजातून आलेला तरुण गायक आहे. गाण्याच्या मागे चित्रपट नव्हता, नट-नट्यांची मोठी नावे नव्हती आणि कथानकाचा आधारही नव्हता. गाण्यातली मागणी अगदी साधी आहे: बाई गुलाबी साडी नेसून, ओठांना लाली लावून सजली आहे, आपण छान दिसतो आहोत हे तिला ठाऊक आहे आणि आपल्या माणसाने आपला फोटो काढावा एवढेच तिचे म्हणणे आहे.

चित्रपटाविना गाजणारी गाणी मराठीला नवी नाहीत. १९८० च्या दशकात आनंद शिंदे यांच्या कॅसेटी एसटी स्टँडावरच्या पानठेल्यांपासून लग्नाच्या मांडवापर्यंत वाजत होत्या. २०१५ च्या गणेशोत्सवात संजय लोंढे यांचे ‘शांताबाई’ असेच गावोगाव पोहोचले. फरक पडला तो वाटेत. कॅसेट विकत घ्यावी लागे, म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशातून पैसे निघावे लागत आणि गाणे कोणते आणायचे हेही तोच ठरवी. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, त्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले, जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि त्याची जागा इन्स्टाग्रामच्या रील्सनी व यूट्यूबच्या शॉर्ट्सनी घेतली. आता गाणे प्रथम कोणाच्या हाती पडते याचे उत्तर आमच्या गावापुरते तरी स्पष्ट आहे: ते बारावीतल्या मुलीच्या आणि नवीन सुनेच्या हाती पडते. ‘गुलाबी साडी’ माझ्या घरात भाचीच्या फोनमधून आले आणि मला ते पूर्ण ऐकायला मिळण्याआधी त्याचा तेवढाच एक तुकडा निदान पन्नास वेळा कानावर पडला होता.

फेब्रुवारीत आलेले गाणे झाडीपट्टीच्या हिशेबाने उशिरा आले. आमचा नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या आसपास उताराला लागतो. मार्च २०२४ च्या होळीपर्यंत कंपन्यांची नाटके बसून गेलेली होती, डान्स ठरलेले होते आणि नवे गाणे घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. त्यामुळे या गाण्याची पहिली परीक्षा एप्रिल-मेच्या लग्नसराईत झाली आणि तिथे ते निम्मेच उत्तीर्ण झाले असे माझे मत आहे.

हळदीच्या कार्यक्रमात ते हमखास वाजले. वरातीत मात्र त्याचा टिकाव लागला नाही. आमच्याकडे वरातीसमोर डीजे असतो, नाहीतर धुमाल असते. धुमालमध्ये गाडीवर ढोल-ताशे, कीबोर्ड आणि भोंगे असतात. शब्द म्हणायला कोणी नसते, चाल कीबोर्डवर वाजते आणि खालची पोरे ठेक्यावर उड्या मारतात. तिथे २०१६ च्या ‘सैराट’मधले अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ आजही राज्य करते, कारण त्यातून शब्द काढून घेतले तरी उडी मारायला पुरेसे काहीतरी शिल्लक राहते. ‘गुलाबी साडी’तून शब्द काढले की मागे राहते ती एक गोड, मध्यम चालीची गुणगुण. त्यावर एकटी बाई आरशासमोर सुंदर नाचू शकते, पण शंभर पोरांचा घोळका नाचू शकत नाही. मे महिन्यात आमच्याच आळीतल्या वरातीत धुमालवाल्याने ते दोनदा लावून पाहिले, तिसऱ्यांदा लावले नाही. त्याची पारख कोणत्याही समीक्षकापेक्षा जलद होती.

शाळेत उलट घडले. गॅदरिंगसाठी गाणे निवडताना जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक शब्द तपासतात; काही गाणी चालीवर पास होऊन शब्दांवर नापास होतात. ‘गुलाबी साडी’त आक्षेप घ्यावा असे काही सापडले नाही. फोटो काढ म्हणणाऱ्या बाईला कोण हरकत घेणार? या निरुपद्रवीपणाची टिंगल करणारे मित्र मला आहेत, पण खेड्यात एखादे गाणे घरातल्या चारही पिढ्यांसमोर वाजू शकणे ही मोठी शिफारस असते आणि नाटकाच्या मंडपात तर ती अटच असते.

बुकिंगच्या वेळची बोलणी

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे झाडीपट्टीबद्दल सांगितले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धान आणि जंगलाच्या पट्ट्यात ही रंगभूमी जगते. तिचे व्यापारी केंद्र म्हणजे देसाईगंज, ज्याला आम्ही वडसा म्हणतो. हंगामाच्या तोंडावर तिथे नाटक कंपन्यांची कार्यालये उघडतात, बाहेर पोस्टर लागतात आणि गावोगावची मंडळे बुकिंगला येतात. दंडार, खडी गंमत अशा जुन्या लोकनाट्यांच्या मातीवर संगीत नाटकाचे बी पडून हा प्रकार वाढला. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तो काही दिवस आठवला. आम्हाला तो विसरण्याची सोय नाही, कारण दिवाळीनंतर लेकी-जावई गावात येतात ते मंडई आणि नाटक धरूनच येतात. सोयरिकीची बोलणीही त्याच पाहुणचारात होतात.

नाटक रात्री दहा-अकराला सुरू होते आणि पहाटे संपते. कापणी झालेल्या बांधीत मंडप पडतो, खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरतात. रंगमंचाच्या कडेला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसतात. नाटकात पदे असतात, विनोदी प्रवेश असतात आणि मूळ कथेशी संबंध असो वा नसो, डान्स असतात. विनोदी नट हा अनेकदा नायकापेक्षा मोठा हिशेब असतो. ‘यंदा तुमच्याकडं कॉमेडीले कोन हाय?’ हा बुकिंगचा पहिला प्रश्न असतो.

२०२४ साली आमच्या मंडळाला तारीख शोधताना अडचण आली. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते, तोपर्यंत आचारसंहिता आणि परवानग्यांची कटकट होती, म्हणून आम्ही मंडई आणि नाटक मतदानानंतर ठेवले. बुकिंगला गेलेल्या तरुण सभासदांनी आणखी एक अट घातली: दोन डान्स पाहिजेत आणि त्यातला एक ‘गुलाबी साडी’चाच पाहिजे.

दिग्दर्शकाला ते पसंत नव्हते. नाटक सामाजिक होते. बापाच्या जमिनीचा हिस्सा आणि लेकीचे लग्न यांत पोळलेल्या कुटुंबाची कथा होती आणि तिसऱ्या अंकात मृत्यू होता. दिग्दर्शकाचे म्हणणे असे की डान्स हा डान्सच्या जागी असावा, पडदा पडल्यावर. अंकाच्या पोटात रीलमधले गाणे घातले तर पुढच्या प्रवेशाला रडू येत नाही. आमच्या पोरांचे उत्तर होते की गावातल्या बाया त्याच गाण्यासाठी येणार आहेत आणि तिकिटे बाया घरच्यांना घ्यायला लावतात. शेवटी गाणे पहिल्या आणि दुसऱ्या अंकांच्या मध्ये ट्रॅकवर ठेवायचे ठरले. तिसऱ्या वेळची गोष्ट कोणीच ठरवली नव्हती. ती रंगमंचावर घडली.

तीन वेळा

पहिल्या अंकाचा पडदा पडला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. निवेदकाने गाण्याचे नाव घेताच पुढच्या रांगांतली पोरे उभी राहिली आणि मागच्यांनी त्यांना खाली बसवण्यासाठी ओरडाआरडा केला. नर्तकी खरोखर गुलाबी साडीत होती. पावले तीच, जी सगळ्यांनी फोनवर पाहिलेली होती, आणि सगळ्यांना तीच हवी होती. तिकिटांच्या टेबलावरून मला रंगमंच अर्धवट दिसत होता, पण फोनच्या उजेडाचा पट्टा पूर्ण दिसत होता. जवळजवळ प्रत्येक तरुण हात वर होता. तीनएक मिनिटांत गाणे संपले आणि ‘वनसमोर’चा गजर झाला.

दुसऱ्या वेळी मी विंगेत पोहोचलो होतो. साउंडवाल्याने तोच ट्रॅक पुन्हा सुरू केला. नर्तकीने तीच पावले तितक्याच नेमकेपणाने टाकली. तिच्या कामात काहीही कमी नव्हते. पण मिनिटभरातच फोन खाली गेले, कारण फोनमध्ये हवे ते आलेले होते. मागच्या बाजूने माणसे उठू लागली. विंगेत तबलजी गुडघ्याला हात टेकून बसला होता. तो मला म्हणाला, ‘सर, हे गानं आपल्यासंगं बोलतच नाई. थांब मनलं तं थांबत नाई, चाल मनलं तं चालत नाई.’ मी हे वाक्य त्याच रात्री वहीत लिहून ठेवले.

दुसऱ्या अंकात विनोदी जोडीचा प्रवेश होता. नवरा म्हणजे आळशी घरगडी, बायको तोंडाळ. लेकीच्या लग्नासाठी पाहुणे यायचे आहेत आणि घरगड्याची बायको नटून आली आहे, इतकेच संहितेत होते. नटीने त्या दिवशी पोपटी साडी नेसलेली होती. ती आत आली आणि प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, ‘गुलाबी कोटी हाय वं?’ नटाने क्षणभर प्रेक्षकांकडे पाहिले, बायकोकडे पाहिले आणि म्हणाला, ‘धुवाले टाकली जी. वाळली नाई.’ हशा ओसरायच्या आत ऑर्गनवाल्याने गाण्याची पहिली ओळ छेडली आणि नटीने ती उचलली, तिच्या स्वतःच्या पट्टीत, रेकॉर्डमधल्यापेक्षा बरीच संथ. खाली तबल्याने केरवा धरला.

नटाने खिशातून फोन काढला, समोर धरला आणि थांबला. ‘मेमरी फुल मनते जी.’

पुढची वीस मिनिटे या एका वाक्यातून निघाली. जागा करायची म्हणजे फोटो उडवायचे, आणि तो एकेक फोटो मोठ्याने सांगू लागला. हा सातबारा. हा आधार कार्ड, मागची बाजू. हा आधार कार्ड, पुढची बाजू, पण त्यात अंगठा आला. हा बँकेच्या पासबुकाचा. हा ई-पीक पाहणीचा धानाचा, हाही धानाचा, हा बी धानाचाच, पण यात ॲपने ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटले होते. ‘सरकार मनते धानाचा फोटो टाक, बायको मनते माहा टाक. फोन एकच हाय, का करू सांगा!’ मग बैलाचा फोटो आला. त्याने तो मान तिरकी करून बराच वेळ पाहिला. ‘हा उडवू का जी?’ मंडपातून, बायांच्या बाजूनेही, एकच आवाज उठला: ‘बैल नको!’

प्रत्येक फोटोनंतर बायको तीच ओळ पुन्हा धरायची आणि ऑर्गन तिला तिथेच आणून सोडायचा. बोलणे चालू असताना पेटीचे सूर अगदी हळू, शेकोटीसारखे धुमसत राहायचे. चौथ्या-पाचव्या वेळेपासून ओळीचा शेवट प्रेक्षकच म्हणू लागले, खडी गंमतीत झील धरणारे म्हणतात तसा. शेवटी सगळे ठेवून एक ई-पीक पाहणीचा फोटो उडाला, जागा झाली, त्याने फोटो काढला आणि बायकोला दाखवला. त्यात ती नव्हती. मागच्या पडद्यावर रंगवलेले धानाचे शेत आले होते.

माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी डोळ्यांना पदर लावला होता, हसून. त्या पुढे जे बोलल्या त्याने मला या गाण्याकडे वेगळ्या बाजूने पाहायला लावले: ‘फोनवर तं हे गानं मानूस मनते, बाईचं. आमच्या येळेस दंडारीत असंच होतं. बाईचं सोंग मानसानं घ्याचं, गानं बी त्यालेच मनाव लागे.’

फरक कशाचा

आजींचे निरीक्षण अचूक आहे. मूळ गाण्यात क्रियापदे बाईची आहेत आणि आवाज पुरुषाचा आहे. आपल्या कानांना ते खटकत नाही याचे कारण रील्समध्ये नाही, त्याच्या खूप मागे आहे: दंडारीत, खडी गंमतीत पुरुषांनी बाईच्या वतीने गाण्याची सवय या मातीला आहे. गाणाऱ्याने हे ठरवून केले असे मी म्हणत नाही. बाईच्या तोंडचे गाणे पुरुषाने म्हणणे ही आमच्याकडे विचित्र गोष्ट नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. झाडीपट्टीत आता स्त्री भूमिका बायाच करतात, त्यामुळे नटीने ती ओळ आपल्या आवाजात उचलली तेव्हा हक्काचे माणूस हक्काच्या जागी येऊन बसल्यासारखे झाले आणि मागणीला धार आली. रेकॉर्डमध्ये ती बाई लाडात येऊन फोटो मागते. मंडपात ती तिच्या हिश्शाचा फोटो मागत होती, अशा फोनमध्ये ज्यात जमीन, पीक, बँक आणि बैल यांना जागा आहे आणि तिला नाही.

हे मी फार ताणतो आहे असे वाटू शकेल, म्हणून सांगतो की प्रेक्षकांमधल्या कोणत्याही बाईने मला असे काही म्हटले नाही. त्यांनी ‘मेमरी फुल’ म्हटले आणि एकमेकींना कोपर मारले. माझ्या आईने घरी जाताना वडिलांना विचारले की तुमच्या फोनमध्ये माझा किती आहे. वडिलांनी उत्तर दिले नाही.

दुसरे कारण लांबीचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. रेकॉर्ड केलेल्या गाण्याची लांबी ठरलेली असते. रीलने तिचा आणखी बारीक तुकडा केला. झाडीपट्टीचा प्रवेश मात्र प्रेक्षक जितका ओढतील तितका लांबतो. लोकांना रस असेल तर नट थांबतो, नसेल तर दोन वाक्ये गाळून पुढे जातो, आणि वादकांनी त्याच्या पाठीमागे राहायचे असते. तबलजीचे ‘बोलतच नाई’ हे त्याबद्दलचे होते. पहिल्या वेळी ट्रॅक चालला, कारण लोकांना त्या क्षणी फक्त ओळख पटायला हवी होती: फोनवरचे गाणे आपल्या गावाच्या रंगमंचावर आले, बस. ओळख एकदाच पटते. दुसऱ्या वेळी गाण्याकडे देण्यासारखे दुसरे काही नव्हते आणि त्याला ते बनवताही येत नव्हते. तिसऱ्या वेळी गाण्यातली फक्त एक ओळ वापरली गेली, बाकीचे कडवे कोणी म्हटलेच नाही आणि कोणाला त्याची आठवणही झाली नाही.

फोनचेच पाहा. पहिल्या वेळी शंभर हात वर होते, तिसऱ्या वेळी फार थोडे. वीस मिनिटांचा प्रवेश फोनमध्ये धरून ठेवायला हात दुखतात आणि हसताना फोन हलतो. एका पोराने ‘बैल नको’च्या आसपासचा तुकडा टिपला आणि तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. नागपूरला नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतभावाने तो पाहून विचारले, यात हसण्यासारखे काय आहे? त्याला ती ओळ सातव्यांदा येत होती हे दिसत नव्हते.

दिग्दर्शकाची बाजू

या प्रकरणाची किंमतही मोजली गेली आणि ती दिग्दर्शकाने मोजली. विनोदी प्रवेशानंतर लगेच आईचा प्रवेश होता, ज्यात ती लेकीच्या लग्नासाठी स्वतःचे दागिने मोडायला देते. मंडप अजून खदखदत होता. आईच्या भूमिकेतल्या अनुभवी नटीने पहिली चार वाक्ये म्हटली आणि मागून कोणीतरी ‘मेमरी फुल’ म्हणून ओरडले. ती थांबली नाही, पण शांतता यायला बराच वेळ गेला आणि त्या प्रवेशाचा जो ठसा पुढच्या मृत्यूला आधार द्यायचा होता तो पुसटच राहिला. पहाटे मेकअप उतरवताना दिग्दर्शक मला म्हणाला, ‘गानं चाललं, सर. नाटक लंगडलं.’ मी वाद घातला नाही. तो बरोबर होता असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. गाजलेले गाणे पाहुण्यासारखे येते आणि घरच्यांच्या ताटातले खाऊन जाते.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक समारंभांसाठी सवलत आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर समारंभ धरले आहेत. म्हणजे कायद्याचे शब्द धरले तर हळदीत ‘गुलाबी साडी’ वाजवायला परवान्याची गरज नसावी. तिकीट लावून होणाऱ्या व्यावसायिक नाटकाला ही सवलत लागू होत नाही. बुकिंगच्या बोलण्यात आमच्या मंडळापैकी कोणाच्या मनात हा मुद्दा आला नाही, माझ्याही नाही. तो मला ही टिपणे लिहिताना सुचला. ज्या गाण्यामागे मोठे घराणे नाही, चित्रपट नाही, त्याच्या कर्त्याला अशा मंडपांतून काहीच पोहोचू नये हे खटकते, आणि खटकून घेणाऱ्यांत मी स्वतः तिकिटे फाडत बसलेलो होतो.

एक गोष्ट मला अनपेक्षित वाटली. आमच्या गावात गायकाचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुसद-दिग्रसकडचा माझा एक सहकारी तांड्यातला आहे. त्याच्या घरी संजू राठोड हे नाव अभिमानाने घेतले जाते, आपल्या समाजातले पोर म्हणून. धानपट्ट्यात मात्र ते ‘साडीवालं गानं’ एवढेच होते. मंडईत साड्यांचा ढीग घेऊन बसणाऱ्या फिरत्या विक्रेत्याने गुलाबी साड्या वर रचल्या होत्या आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला फक्त ‘फोटोवाली घ्या, फोटोवाली’ म्हणत होता. माझ्या भाचीने त्यातली एक घेतली. घरी आणल्यावर उन्हात पाहिली तेव्हा ती गुलाबीपेक्षा राणी रंगाची निघाली, आणि तीन दिवस घरात त्यावर वाद चालला.

त्यानंतर

२६ जानेवारी २०२५ ला शाळेच्या पोरींनी त्या गाण्यावर नाच केला. तेव्हाच ते किंचित जुने वाटू लागले होते. उन्हाळ्यात हळदींमध्ये त्याच गायकाचे २०२५ साली आलेले ‘शेकी’ वाजू लागले आणि ‘गुलाबी साडी’ यादीत खाली सरकली. धुमालवाल्यांनी ‘झिंगाट’ सोडले नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतर आमच्या मंडळाने पुन्हा त्याच कंपनीला बोलावले. नाटक नवीन होते, दिग्दर्शक तोच, विनोदी जोडीही तीच. या वेळी पोरांनी बुकिंगला ‘गुलाबी साडी’ मागितली नाही आणि अंकांच्या मध्ये दोन वेगळी गाणी ट्रॅकवर झाली. विनोदी प्रवेश दिग्दर्शकाने पहिल्या अंकात ओढून घेतला होता, आईच्या प्रवेशापासून जितका लांब नेता येईल तितका लांब. नटी आली ती हिरव्या साडीत. तिने फोटो मागितला तो साध्या बोलण्यात, गाण्याची एकही ओळ न घेता. ऑर्गनवर कुठल्यातरी जुन्या पदाची चाल वाजत होती. नटाने खिशात हात घातला. फोन अजून बाहेर आला नव्हता आणि मागच्या तणसावरून आवाज आला, ‘बैल नको!’